सव्विसावी चूक

३ मार्च, सोमवार

आज बूटपॉलिशची डबी फुकट मिळाली! माझ्याकडे पॉलिश करण्यासारखे बूट नाहीत, हा मुद्दा वेगळा.

झालं असं. हिने साबण आणायला पिटाळलं होतं. निवृत्त होऊन आठ महिने झाले, तेव्हापासून साबण, झाडू, काड्यापेटी असल्याच मोहिमांवर माझी नेमणूक असते. कोपऱ्यावरच्या त्या मोठ्या दुकानात एका खांबावर यंत्र बसवलंय. वस्तू त्याच्यापुढे धरली की बिलात कितीला लागणार ते दिसतं. सहज चाळा म्हणून पॉलिशची डबी धरली. यंत्र म्हणालं एक्याण्णव. फळीवरचं लेबल म्हणत होतं चौऱ्याऐंशी. मी मान वर केली, तर समोर हीऽऽ मोठी पाटी: ‘फळीवर लिहिलंय त्यापेक्षा बिलात जास्त लागलं, तर ती वस्तू तुम्हाला मोफत!’

अंगातून वीज गेली. चौतीस वर्षं मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. पान छापायला जाण्याआधी चुका शोधायच्या, हेच माझं पोट आणि हीच माझी मिजास. आठ महिन्यांत मला एकही चूक कुणी दिली नव्हती. आणि इथे तर बक्षीस ठेवलंय!

साबण आणायचा राहिला.

४ मार्च, मंगळवार

मांजराच्या खाण्याचा डबा. फळीवर एक किंमत, बिलात दुसरी. मोफत!

ही म्हणाली, “अहो, आपल्याकडे मांजर कुठाय?”

मी म्हटलं, “फुकट ते पौष्टिक.”

“मग तुम्हीच खा,” म्हणाली आणि ताट वाढायला गेली.

७ मार्च, शुक्रवार

पाच झाल्या! आता सगळी पद्धत नीट कळली, ती लिहून ठेवतो.

चूक सापडली की आधी पैसे भरून बिल करायचं. मग परतावा काउंटरवर जायचं. तिथे जाड चष्म्याची एक बाई सहा शिक्के मांडून बसलेली असते. मी तिचं नाव ठसेवाली ठेवलंय. ती आत फोन करते. मग लेबलं लावणारी बाई येते, माझ्याबरोबर फळीपर्यंत चालते, लेबल बघते आणि अर्जावर सही करते. मग शिक्का, धप्प! पैसे परत, वस्तू आपली. एका जिनसाचा एकच नग, आणि तेही दुकान चूक दुरुस्त करेपर्यंतच. नियम कसे चोख आहेत बघा. असल्या नियमांवर माझा जीव जडतो.

लेबलवाली पस्तिशीची असेल. खिशात लेबलांच्या पट्ट्या, आणि उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, कागदाच्या कडेने कापतं म्हणून. सकाळी सातला किमतींची यादी येते आणि आठला दार उघडतं. त्या एका तासात ती एकटी तीनशे लेबलं बदलते. एका तासात तीनशे! आमच्याकडे असं काम दिलं असतं तर अख्खा विभाग संपावर गेला असता. पहिल्या दिवशी तिने झटकन सही केली होती. आज जरा वेळ लागला.

शिक्का मारताना ठसेवाली हळूच म्हणाली, “काका, इथली प्रत्येक चूक कुणाच्या तरी नावावर लिहिली जाते, बरं का.”

मला हे माहीतच नव्हतं! म्हणजे पाचही माझ्या नावावर लागल्या असणार. मी म्हटलं, “मग नाव नीट लिहा हं, आडनावातला काना लोक खातात.” तिने चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. असं कौतुकाने कुणी पाहून फार दिवस झाले होते.

८ मार्च, शनिवार

बल्ब, कात्री, टिनातले मटार आणि एक गाळणं. एका दिवसात चार, एकूण नऊ!! आता वही केलीय. सकाळी आंघोळ होते न होते तोच पाय शिवशिवायला लागतात.

१२ मार्च, बुधवार

तेरा.

आज लेबलवालीला चहा पाजला. दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. ती सुट्टीची दहा मिनिटं मिळाली म्हणून बाहेर आली, तर मीच हाक मारली. रोज भेटतो, ओळख नको का?

मोकळी बाई आहे. इथे तीन महिन्यांच्या बोलीवर लागलीय आणि हा तिसरा महिना चालू आहे. महिनाअखेरीला कायम केलं तर पगार वाढेल, मग स्वतःची खोली घेता येईल, मग मुलीला घेऊन येता येईल. मुलगी नऊ वर्षांची, दुसऱ्या गावी मावशीकडे असते. “रविवारी फोनवर बोलतो आम्ही,” म्हणाली. “परवा विचारत होती, खोलीला खिडकी असेल का.”

मग कपाकडे बघत म्हणाली, “काका, एक विनंती करू? या महिन्यात माझ्या चुका कमी दिसायला हव्यात. तुम्हाला काही दिसलं तर आधी मला हाक माराल का? मी तिथल्या तिथे बदलीन.”

तिचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण तत्त्व ते तत्त्व. मी तिला समजावलं की, हे बघा ताई, चूक दडपली की मुरते. आमच्याकडे मी प्रत्येक चूक सगळ्यांदेखत वाचून दाखवायचो, आणि टाइप करणारी मंडळी पुढे कशी तयार झाली! तुम्हाला चुका कमी करायच्यात ना? मग मी एकेक काढतोय, तितक्या कमीच होतायत की. हिशेब साधा आहे.

ती उठली. अर्धा चहा तसाच ठेवून आत गेली. त्या टपरीवाल्याचा चहा हल्ली कडूच असतो.

१५ मार्च, शनिवार

सोळा, आणि आज साक्षात व्यवस्थापक बाहेर आला! निळा टाय, हातात फोन, चालणं असं की मागून कुणी ढकलतंय. दोन्ही हातांनी माझा हात धरला.

“काका, तुम्ही आमचे सगळ्यात सावध ग्राहक! तुमच्यासारख्यांमुळे लोकांचा विश्वास बसतो. तुमचा फोटो लावायचाय दारात.”

अंगावर मूठभर मांस चढलं. चौतीस वर्षांत माझा फोटो कुठे छापून आला नाही. आमच्या धंद्यात काम चांगलं झालं तर कुणाला पत्ता लागत नाही, आणि नाव निघतं ते फक्त चूक राहिली तर. मी इस्त्रीचा सदरा घालून दुपारी परत गेलो.

१९ मार्च, बुधवार

फोटो लागला! पुठ्ठ्याच्या पाटीवर मी, खाली ‘दक्ष ग्राहक’, त्याखाली चुकांचा आकडा. आज वीस. शेजारचा सुतार मला पाहून म्हणाला, “काय हो, पुढारी झालात की!” अजून तिघा-चौघांनी आता चुका शोधायला सुरुवात केलीय. सारे नवशिके. वरची फळी सोडून देतात.

हिला मुद्दाम पाटी दाखवायला नेलं. तिने माझ्या फोटोपेक्षा लेबलवालीकडेच जास्त पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, “अहो, ती सह्या करणारी बाई. तिला कुणी काही बोलत नाही ना?”

“तिला कोण बोलणार? उलट माझ्यामुळे तिचं काम सुधारतंय.”

“तुम्ही विचारलंत तिला?”

बायकांना आनंदाच्या वेळी नेमकं काहीतरी टोचावंसं वाटतं.

२२ मार्च, शनिवार

तीन दिवस एकही चूक नाही. तीन दिवस! सगळ्या फळ्या दोनदा पालथ्या घातल्या. लेबलवाली आता पहाटे पाचलाच येते असं ठसेवालीने सांगितलं. आदल्या दिवशीच्या लेबलांवरून हात फिरवते, मग नवी यादी आली की ती लावते, मग पुन्हा पहिल्यापासून तपासते. डोळे लाल दिसत होते. चुका संपल्या म्हणजे ती खूश असायला हवी, पण मला बघितलं की तिचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो.

पाटीवरचा आकडा वीसवर अडकलाय. बरं दिसत नाही.

२५ मार्च, मंगळवार

सहावा दिवस. शून्य.

जेवताना चिडचिड झाली, आमटी खारट आहे म्हणालो. नव्हती. ही म्हणाली, “जगात चुका होत नाहीत म्हणून सुतक पाळणारा तुमच्यासारखा दुसरा माणूस नसेल.”

दारातल्या फोटोपुढे एकाने दुसऱ्याला विचारलं, “हे आजोबा अजून आहेत का?” आहेत म्हणजे काय!

२६ मार्च, बुधवार

एकवीस! कोंडी फुटली!

टूथब्रश. लेबल आणि बिलात नऊचा फरक. सही झाली, शिक्का झाला, पाटीवरचा आकडा बदलला.

आता इथे खरं लिहायला हरकत नाही, वही माझीच आहे. फळीच्या कडेला प्लॅस्टिकची पन्हळ असते, त्यात लेबलं नुसती सरकवलेली असतात. स्वस्त ब्रशचं लेबल आधीच जरा डावीकडे कललेलं होतं. मी ते नीट बघावं म्हणून बोट लावलं, तर ते सरकून शेजारच्या महाग ब्रशखाली गेलं. म्हणजे मी सरकवलं. म्हणजे आधीच सैल होतं. इतक्या सैल लेबलाला चूकच म्हणायला हवं. आज ना उद्या ते कुणाच्याही बोटाने सरकलंच असतं.

सही करताना लेबलवाली फळीपुढे बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, “हे मी सकाळी दोनदा बघितलं होतं.” मग म्हणाली, “असेल. डोळ्यावर झोप असते.” आणि सही केली.

ब्रश हिला दिला. “फुकटातलं मी काही तोंडात घालणार नाही,” असं म्हणून तिने तो पाकिटासकट खिडकीत ठेवला.

मला रात्रीचं जेवण गेलं नाही. आनंदाने भूक मरते म्हणतात.

२८ मार्च, शुक्रवार

उद्या सत्कार! अकरा वाजता. फुलांचा गुच्छ आणि दोन शब्द बोलायचेत. दोन शब्दांची चार पानं झालीयत.

२९ मार्च, शनिवार

सावकाश लिहितो. 

सत्कार झाला. टायवाला माइकवर म्हणाला, “या महिन्यात सव्वीस चुका पकडल्या गेल्या आणि त्यातल्या एकवीस एकट्या काकांनी!” टाळ्या. मी वाकून नमस्कार केला. तो पुढे म्हणाला, “आणि ग्राहकहो, आम्ही नुसतं बोलत नाही. जबाबदार व्यक्तीवर कारवाई केलेली आहे. एक तारखेपासून इथे नवीन माणूस दिसेल.” पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या. हे मला लिहायलाच हवं, की मीही वाजवल्या. चांगल्या जोरात.

गुच्छ घेऊन परतावा काउंटरवर गेलो, ठसेवालीला पेढा द्यावा म्हणून. तिने घेतला नाही.

“पंचवीसपर्यंत चालतं, काका,” ती म्हणाली. “पंचवीस चुकांपर्यंत माणूस कायम होतो. सव्वीस झाल्या की घरी. तिची सव्विसावी तुमची.”

“कुठली?” मी विचारलं. विचारण्याआधीच मला कळलं होतं.

“टूथब्रश.”

लेबलवाली तिसऱ्या रांगेत गुडघ्यावर बसून लेबलं लावत होती. सोमवारपर्यंत काम आहे तिला. माझी चार पानं खिशात होती. भाषण करायचं राहूनच गेलं होतं, आणि कुणाला आठवलंही नव्हतं.

३० मार्च, रविवार

हिला सगळं सांगितलं. लेबल सरकवलं तेही. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

“रविवार आहे,” एवढंच म्हणाली. “आज ती पोरीला फोन करणार.”

मग खिडकीतल्या ब्रशकडे बघत म्हणाली, “तुम्ही लोकांच्या चुका वाचत बसलात. ती बाई वाचलीच नाहीत.”

मी म्हटलं, आता काय करू? ती म्हणाली, “चूक दाखवायचं तुम्हाला चौतीस वर्षांचं वळण आहे. एक अजून दाखवा.”

३१ मार्च, सोमवार

काय दिवस होता! आल्या आल्या लिहायला बसलो.

खिडकीतला ब्रश घेतला, बिल घेतलं आणि दार उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. सरळ टायवाल्याकडे. “सव्विसावी चूक तिची नाही. लेबल मी सरकवलं.”

तो हसला. “काका, तुमचं मन मोठं आहे, पण आता झालं ते झालं.”

“मन मोठं नाही हो, बोट लांब आहे. मी सरकवलं.”

त्याचं हसू मावळलं. त्याने दारातल्या माझ्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळू आवाजात म्हणाला, “हे बाहेर बोलू नका. तक्रार मागे घ्यायचा अर्जच नाहीये आपल्याकडे. यंत्रात नोंद झालेली चूक काढता येत नाही.”

 चौतीस वर्षं चुका काढल्या आणि आता एक निघेना! तेवढ्यात मागून ठसेवालीचा आवाज आला, “माल परत घेता येतो ना, साहेब.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती तिच्या काउंटरवरची पाटी वाचत होती, आम्हाला वाचता येत नसल्यासारखी. “सात दिवसांच्या आत, बिलासकट, पाकीट न फोडलेलं असेल तर माल परत. आज पाचवा दिवस. माल परत आला की त्या बिलावरच्या सगळ्या नोंदी रद्द होतात. चूक म्हणून केलेली नोंदसुद्धा. काका, पाकीट?”

मी दिलं. तिने चारही बाजूंनी तपासलं. शाबूत होतं!

“परत करण्याचं कारण?”

एव्हाना माझ्यामागे सहा-सात माणसं रांगेत होती. शेजारचा सुतारही होता. टायवाला डोळ्यांनी मला गप्प बसायला सांगत होता. मी एरवी सगळ्यांदेखत वाचून दाखवायचो त्याच आवाजात म्हणालो, “ग्राहकाने लबाडी करून लेबल सरकवलं.”

रांगेत कुणीतरी “अरे बापरे” म्हणालं. ठसेवालीने अक्षर न् अक्षर लिहिलं. परत करायची रक्कम शून्य. माझी सही. आणि मग तिने सहातला सगळ्यात मोठा शिक्का उचलला आणि असा हाणला की काउंटर हाललं. पंचवीस!

मला तीन महिने दुकानात प्रवेश बंद. असा नियम आहे, आणि योग्य आहे. फोटो त्याने माझ्यासमोरच उतरवला. पाटी निघाली तेव्हा मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं, खोटं कशाला लिहू. पण घरी येईपर्यंत मी जवळजवळ पळत होतो.

१ एप्रिल, मंगळवार

तिला काढलं नाही, पण कायमही केलं नाही. टायवाल्याने मुदत महिनाभर वाढवलीय, रागाने. या महिन्यात पुन्हा पंचवीसच्या आत.

संध्याकाळी दुकानाबाहेर तिची वाट बघत थांबलो. बाहेर थांबायला बंदी नाही. ती आली. मी माफी मागितली. बरीच मोठी तयार केली होती, तिने मधेच थांबवली.

“काका, तुम्ही खरं बोललात ते बरं झालं. पण मला तुमचा राग आलाय आणि तो काही आज जाणार नाही. मी दहा दिवस तीन तासांच्या वर झोपलेले नाही. पोरीला सांगितलं होतं, एक तारखेला येते न्यायला. परवा रविवारी तिला सांगावं लागलं, येत नाही म्हणून.”

“काय म्हणाली?”

“काही नाही म्हणाली. ‘बरं’ म्हणाली.”

ती गेली. मी बाकावर बसून राहिलो, बराच वेळ.

३ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी दारावर थाप. ठसेवाली! आत आली नाही, दारातूनच निरोप दिला. “ती विचारतेय, उद्या सकाळी सातला बाहेरच्या बाकावर याल का. ‘याल का’ म्हणाली, ‘या’ नाही म्हणाली. तेवढं लक्षात ठेवा.” आणि गेली.

ही म्हणाली, “इस्त्रीचा सदरा घालू नका.”

४ एप्रिल, शुक्रवार

पावणेसातलाच पोचलो. सात वाजून पाच मिनिटांनी ती आतून आली. एका हातात किमतींची नवी यादी, दुसऱ्या हातात नुकत्याच छापलेल्या लेबलांची चळत, अजून कोमट. बाकावर माझ्या शेजारी ठेवली. गूड मॉर्निंग नाही, काही नाही.

“फळीवर लावायच्या आधी वाचा. चूक दिसली तर मला सांगायची. काउंटरला नाही.”

“मोठ्याने सांगू की हळू?”

ती हसली असं म्हणणार नाही, मी आता जे नाही ते वाचत नाही. “हळू,” म्हणाली.

तीनशे बारा लेबलं, पन्नास मिनिटं. ती आत-बाहेर करत होती, मी वाचलेले गठ्ठे उचलून नेत होती. मी पाणी प्यायलाही उठलो नाही. आठला पाच कमी असताना शेवटचं लेबल तिच्या हातात दिलं. दार उघडलं, माणसं आत शिरली. मी साडेनऊपर्यंत बाहेर बसून राहिलो. परतावा काउंटर काचेतून दिसतं. एकदाही शिक्का वाजला नाही.

आज चार चुका सापडल्या. कुणालाही काहीही फुकट मिळालं नाही!